हातात दिलेले गुपित
प्रस्तावना

४ फेब्रुवारी २०२५ रोजी सेबीने अल्गो ट्रेडिंगविषयी एक परिपत्रक काढले. किरकोळ गुंतवणूकदारांना ब्रोकरमार्फत मिळणाऱ्या अल्गोंचे, म्हणजे आपोआप खरेदी-विक्री करणाऱ्या प्रोग्रॅमचे, त्यात दोन वर्ग केले आहेत. ज्याचा तर्क उघड असतो आणि वापरणाऱ्याला तो पुन्हा रचता येतो, तो ‘व्हाइट बॉक्स’. ज्याचा तर्क वापरणाऱ्याला कळत नाही, तो ‘ब्लॅक बॉक्स’. ब्लॅक बॉक्स पुरवणाऱ्याला रिसर्च ॲनालिस्ट म्हणून नोंदणी करावी लागते आणि प्रत्येक अल्गोमागचा संशोधन-अहवाल जपून ठेवावा लागतो. वरळीच्या महिंद्रा टॉवर्समध्ये कचेरी थाटून राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ साली व्यवहार सुरू केले, तेव्हा दलालांच्या आरडाओरडीची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली याचेच सगळ्यांना अप्रूप होते. तीस वर्षांनी त्याच बाजाराच्या नियमांत ‘प्रोग्रॅमच्या आत काय आहे ते कोणाला कळते’ हा प्रश्न येऊन बसला आहे.

असा ब्लॅक बॉक्स व्यवहारात काळा राहतो, कारण बहुधा तो पुरवणाऱ्याच्या सर्व्हरवर असतो. आपण भाव पाठवायचे, तिकडून ‘घ्या’ किंवा ‘विका’ असा निरोप यायचा. दार बंद आहे म्हणून गुपित टिकते. पण समजा, तोच प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घालून गिऱ्हाइकाच्या हातात दिला. आता तो त्याच्या संगणकावर, नेट बंद असतानाही चालला पाहिजे. गिऱ्हाईक त्यातली प्रत्येक सूचना वाचू शकते, हवे तिथे थांबवू शकते, मेमरी उघडून पाहू शकते, एखादी ओळ बदलून पुन्हा चालवू शकते. तरीही भाव देऊन उत्तर घेण्यापलीकडे त्याला काही कळता कामा नये. असे करता येईल का?

सैद्धांतिक क्रिप्टोग्राफीत या प्रश्नाला ‘प्रोग्रॅम ऑब्फस्केशन’ म्हणतात, आणि हे पुस्तक त्याच प्रश्नाविषयी आहे. त्याचे उत्तर ‘नाही’ असल्याचे २००१ साली सिद्ध झाले. ‘बऱ्याच अंशी हो’ असे उत्तर २०२० साली मिळाले. दोन्ही उत्तरे खरी आहेत, कारण मधल्या काळात मुळातला प्रश्नच काटेकोर होत गेला. ‘लपवणे’ म्हणजे नेमके काय, हे ठरवता ठरवता या विषयाची वीस वर्षे गेली आणि ती सत्कारणी लागली. पुढची पाने वाचताना वाचकाने एवढा धागा हातात धरला तरी पुरे.

गुप्तलेखन मराठीला नवे नाही. महानुभाव पंथाने चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत जपले. रवळोबासांच्या नावावर असलेली सकळ लिपी त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. बाळबोध अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे चिन्ह, अशी तिची घडण. पोथी समोर असूनही पंथाबाहेरच्या माणसाला ती वाचता येत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडली आणि शतकानुशतके झाकलेले वाङ्मय अभ्यासकांना खुले झाले.

इथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की या लिपीचे सगळे बळ पद्धत गुप्त असण्यात होते. पद्धत एकदा कळली की एक पोथी नव्हे, त्या लिपीतल्या साऱ्या पोथ्या एकदम उघडतात. ऑगस्त केर्कहॉफ्स याने १८८३ साली लिहिलेले तत्त्व नेमके याच्या उलट आहे: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहावी ती फक्त किल्ली. आधुनिक क्रिप्टोग्राफी या पायावर उभी आहे. दुसरी गोष्ट आपल्या विषयाला अधिक जवळची. पोथी निपचित असते. ज्याच्याकडे किल्ली आहे तो सगळी वाचतो, ज्याच्याकडे नाही त्याला काहीच मिळत नाही. प्रोग्रॅमचे तसे नाही. ज्याला तो कळू द्यायचा नाही, त्याच्याच हातात तो व्यवस्थित चालायला हवा. सांकेतिक लिपीत मित्र आणि शत्रू ही दोन माणसे असतात, इथे ती एकच. ऑब्फस्केशन साध्या एन्क्रिप्शनपेक्षा इतके अवघड का, याचे मर्म यात आहे.

सॉफ्टवेअर बांधणारी मंडळी सिद्धांतासाठी थांबली नाहीत. अँड्रॉइड ॲप तयार करताना आर८ नावाचे साधन वापरतात. ते कोडमधली अर्थपूर्ण नावे पुसून त्या जागी एकेक अक्षर ठेवते, नको असलेला भाग कापते. त्यापुढची साधने खोट्या वाटा घुसडतात, सरळ जाणारा क्रम मोडून चक्रव्यूह करतात. २००२ साली स्टॅनली चाउ आणि सहकाऱ्यांनी एईएस या प्रमाण एन्क्रिप्शन-पद्धतीची किल्ली मोठमोठ्या तक्त्यांत विरघळवून टाकण्याची युक्ती मांडली. तिला व्हाइट-बॉक्स क्रिप्टोग्राफी म्हणतात. दोनच वर्षांनी, २००४ मध्ये, ओलिव्हिए बिले आणि सहकाऱ्यांनी त्या तक्त्यांतून किल्ली बाहेर काढून दाखवली. तेव्हापासून ‘नवी युक्ती, नवी फोड’ हा खेळ चालूच आहे.

या कारागिरीला कमी लेखण्याचे कारण नाही. हल्लेखोराचे चार महिने वाया घालवले तरी पुष्कळदा तेवढ्याने काम भागते, कारण तोवर ॲपची पुढची आवृत्ती आलेली असते. पण तिच्यापाशी प्रमेय नाही. गुंतागुंतीचे दिसणे आणि उलगडायला अवघड असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट सिद्ध करायची तर आधी तिची व्याख्या लागते. सिद्धांताची शाखा इथून वेगळी होते.

या शाखेचे मूळ १९७६ सालच्या एका निबंधात सापडते. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी सार्वजनिक किल्लीच्या एन्क्रिप्शनची कल्पना मांडली तेव्हा ती प्रत्यक्षात आणण्याचा एक मार्गही सुचवला होता. गुप्त किल्ली आत ठेवून एन्क्रिप्शन करणारा प्रोग्रॅम लिहायचा, तो कोणालाही उलगडणार नाही अशा रूपात बदलायचा आणि जाहीर करायचा. लोक त्याने संदेश झाकतील, उघडणे मात्र मालकालाच जमेल. पुढच्याच वर्षी आरएसए पद्धत निघाली, काम संख्यासिद्धांताने भागवले, आणि ही सूचना अडगळीत पडली. ती पुन्हा बाहेर कशी आली ते पुढे येईलच.

व्याख्येकडे जाण्याआधी सर्वांत सोपे उदाहरण जवळून पाहू. एक प्रोग्रॅम पासवर्ड विचारतो. बरोबर असेल तर ‘हो’ म्हणतो, नाहीतर ‘नाही’. पासवर्ड कोडमध्ये तसाच लिहिला असेल, तर कोड वाचणाऱ्याला तो आयता मिळाला. त्याऐवजी पासवर्डचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे सहज काढता येणारा पण उलटवता न येणारा ठसा, लिहून ठेवला, तर वाचणाऱ्याला २५६ बिटांचा, कागदावर चौसष्ट चिन्हांचा, निरर्थक पुंजका दिसतो. वापरणाऱ्याने टाइप केलेल्या शब्दाचा हॅश काढून प्रोग्रॅम तो या पुंजक्याशी ताडून पाहतो. काम तेच, पण कोड वाचून पासवर्ड काढता येत नाही. पासवर्ड चार अंकी पिन असेल तर मात्र दहा हजार शक्यता एकामागून एक तपासून तो काढता येतो. त्यात दोष झाकणाऱ्याचा नाही, कारण कोड न पाहता नुसता प्रोग्रॅम चालवूनही ते करता आले असते.

एकाच ठरावीक इनपुटला ‘हो’ म्हणणाऱ्या अशा प्रोग्रॅमला ‘पॉइंट फंक्शन’ म्हणतात. रान कानेटी याने १९९७ साली त्याच्या झाकण्याला काटेकोर रूप दिले. आज पवईच्या आयआयटीत प्राध्यापक असलेले मनोज प्रभाकरन यांनी २००४ साली बेंजामिन लिन आणि अमित सहाय यांच्यासोबत त्यापुढचे पाऊल टाकले. एका कप्प्याचा पासवर्ड बरोबर दिला तर पुढच्या कप्प्यांची दारे दिसावीत, तोवर ती आहेत हेही कळू नये, असा अनेक दालनांचा प्रोग्रॅम झाकता येतो असे त्यांनी दाखवले. हॅश फंक्शन आदर्श आहे हे मात्र त्यासाठी गृहीत धरावे लागले.

आता मोठी व्याख्या. झाकलेला प्रोग्रॅम हातात असताना जे काही काढता येते, ते सगळे तो प्रोग्रॅम नुसता चालवूनही काढता आले पाहिजे. म्हणजे कोड हातात असण्याचा काडीचाही जास्त फायदा होता कामा नये. या अटीला ब्लॅक-बॉक्स ऑब्फस्केशन म्हणतात. काही प्रोग्रॅमच्या बाबतीत ही अट सहज पाळली जाते, पण तिला अर्थ उरत नाही. लालबागच्या मिरची गल्लीतला मसाला नुसता चाखून ज्याला जिन्नस आणि प्रमाण सांगता येते, त्याच्यापासून पाकिटावरची यादी लपवून काय मिळणार? दिलेल्या संख्येची दुप्पट करणारा प्रोग्रॅम कसाही झाका, दोन-चार उत्तरांत तो कळतोच. खरा प्रश्न चालवून न कळणाऱ्या प्रोग्रॅमचा आहे.

२००१ साली बोआझ बराक, ओडेड गोल्डरायक, रसेल इम्पाल्याझो, स्टीव्हन रुडिक, अमित सहाय, सलील वधान आणि के यांग या सात जणांनी सिद्ध केले की सर्व प्रोग्रॅमना लागू पडेल असा ब्लॅक-बॉक्स ऑब्फस्केटर असूच शकत नाही. युक्ती अशी. पहिल्या प्रोग्रॅमच्या पोटात दोन लांब गुप्त शब्द आहेत. पहिला शब्द दिला तर तो दुसरा शब्द सांगतो, बाकी कशालाही शून्य. दुसरा प्रोग्रॅम संख्येऐवजी प्रोग्रॅमच इनपुट म्हणून घेतो. आलेल्या पाहुण्याला तो पहिला गुप्त शब्द देतो, आणि त्याने दुसरा शब्द बरोबर सांगितला तर ‘एक’ असे उत्तर देतो. दोन्ही प्रोग्रॅम नुसते चालवून पाहणाऱ्याला गुप्त शब्द सापडणे अशक्यप्राय, त्यामुळे त्याला सगळीकडे शून्यच दिसेल. पण ज्याच्या हातात पहिल्याचा कोड आहे, मग तो कितीही झाकलेला असो, त्याने तो कोड उचलून दुसऱ्याला भरवायचा. कोड चालतो, म्हणून उत्तर ‘एक’ येते. कोडचे एक अक्षरही न समजता त्याने असे काही काढले, जे नुसते चालवून कळले नसते. दोन्ही प्रोग्रॅम एकात गुंफले की झाकता न येणारा प्रोग्रॅम तयार. प्रोग्रॅमचा कोड त्याच्या स्वतःच्या इनपुटपेक्षा लांब असतो या अडचणीवरही लेखकांनी तोड काढली.

या निकालाचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. कोणताच प्रोग्रॅम झाकता येत नाही असे तो म्हणत नाही. वरचे पासवर्डचे उदाहरण शाबूतच आहे. सगळ्यांना एकच रामबाण औषध नाही, एवढेच तो सांगतो. त्याच निबंधात लेखकांनी एक छोटीशी, बिनमहत्त्वाची वाटणारी पर्यायी व्याख्याही देऊन ठेवली होती. तिचे नाव इन्डिस्टिंग्विशेबिलिटी ऑब्फस्केशन, प्रचारात ‘आयओ’.

आयओचे वचन असे: सारख्याच लांबीचे आणि प्रत्येक इनपुटला तंतोतंत तेच उत्तर देणारे दोन प्रोग्रॅम घ्या. त्यांपैकी एक झाकून तुमच्या हातात दिला, तर तो कोणता हे तुम्हाला ओळखता येणार नाही. एक प्रोग्रॅम दोन संख्यांची बेरीज करून वर्ग करतो, दुसरा शाळेत पाठ केलेले अ² + २अब + ब² काढतो. झाकल्यावर मूळ रूप यांपैकी कोणते होते ते कळायला नको, एवढेच. आत किल्ली असेल तर ती लपेल, असे वचन यात कुठेच नाही.

वेळेची पर्वा नसेल तर आयओ मिळवणे सोपे आहे. प्रोग्रॅमऐवजी त्याच्या सगळ्या उत्तरांचा तक्ताच देऊन टाकायचा. दोन्ही प्रोग्रॅमचा तक्ता एकच असणार, तेव्हा ओळखण्याचा प्रश्नच मिटला. दहा बिटांच्या इनपुटला १,०२४ ओळी लागतील. शंभर बिटांना लागणाऱ्या ओळींची संख्या एकतीस अंकी आहे. तो तक्ता मांडायला जगातल्या साऱ्या हार्ड डिस्क पुरणार नाहीत. प्रश्न आहे तो हेच काम आटोपशीर आकारात करण्याचा. शिवाय, पी (पटकन सुटणारे प्रश्न) आणि एनपी (उत्तर पटकन ताडता येणारे प्रश्न) हे वर्ग एकच निघाले, म्हणजे क्रिप्टोग्राफीचा मूळ आधारच गेला, तरी आयओ करता येते. एवढ्या पडक्या जमिनीवरही उभ्या राहणाऱ्या वचनातून सुरक्षितता काय निघणार, असे कोणालाही वाटेल. बारा वर्षे बहुतेकांना तसेच वाटले. शाफी गोल्डवासर आणि गाय रॉथब्लम यांनी २००७ साली एक आशेचा दुवा दिला होता: दुसरा कोणताही ऑब्फस्केटर तेवढ्याच आकारात जे लपवू शकेल, ते आयओही लपवते. त्यापेक्षा चांगले मिळणार नाही. पण जे मिळते ते किती, हे कोणी सांगू शकत नव्हते.

२०१३ साली चित्र पालटले. संजम गर्ग, क्रेग जेंट्री, शाय हालेवी, मारियाना रायकोव्हा, अमित सहाय आणि ब्रेंट वॉटर्स यांनी कोणत्याही प्रोग्रॅमसाठी आयओची पहिली संभाव्य रचना दिली. तिच्या मुळाशी डेव्हिड बॅरिंग्टनचे १९८६ सालचे एक विलक्षण प्रमेय आहे: उथळ सर्किटने करता येणारे कोणतेही गणित पाच वस्तूंच्या अदलाबदलींचा लांबलचक गुणाकार म्हणून लिहिता येते. अशा पाच बाय पाच मॅट्रिक्सच्या माळेत प्रत्येक दोहोंमध्ये एक यादृच्छिक मॅट्रिक्स आणि तिची व्यस्त मॅट्रिक्स घुसवली, की पूर्ण गुणाकार तोच राहतो पण सुटी मॅट्रिक्स काहीच सांगत नाही. उरलेल्या फटी बुजवायला ‘मल्टिलिनिअर मॅप’ नावाचे नवे गणिती साधन वापरले होते. त्यावरच्या कामासाठी गर्ग यांच्या पीएचडी प्रबंधाला एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा २०१३ चा डॉक्टरल पुरस्कार मिळाला.

रचना मिळाली, पण या दुबळ्या वचनाचा उपयोग काय? त्याच वर्षी सहाय आणि वॉटर्स यांनी याचे उत्तर दिले. त्यांची एक युक्ती इथे सविस्तर सांगतो, कारण पुस्तकातली निम्मी प्रकरणे तिच्यावर उभी आहेत.

डिफी आणि हेलमन यांना हवा होता तसा प्रोग्रॅम लिहू. तो संदेश आणि १२८ बिटांची यादृच्छिक संख्या घेतो. त्या संख्येपासून जनरेटर, म्हणजे छोट्या यादृच्छिक संख्येवरून यादृच्छिकच भासणारी लांब संख्या काढणारे साधन, २५६ बिटांची संख्या बनवतो. तिला चिठ्ठी म्हणू. आतली गुप्त किल्ली वापरून प्रोग्रॅम त्या चिठ्ठीचा एक मुखवटा काढतो, तो संदेशावर चढवतो, आणि चिठ्ठी व मुखवट्याखालचा संदेश बाहेर देतो. हा प्रोग्रॅम आयओने झाकून जाहीर करायचा. किल्ली जवळ असलेला मालक चिठ्ठीवरून मुखवटा काढतो आणि संदेश वाचतो.

हे सुरक्षित कशावरून? समजा, चिठ्ठीच्या जागी कोणी २५६ बिटांची निव्वळ यादृच्छिक संख्या ठेवली. जनरेटर चांगला असेल तर शत्रूला फरक कळत नाही. पण जनरेटरमधून फार तर २ चा १२८ वा घात इतक्याच संख्या बाहेर पडू शकतात, आणि २५६ बिटांच्या एकूण संख्यांच्या मानाने त्या समुद्रातल्या थेंबाइतक्याही नाहीत. म्हणून ही नवी चिठ्ठी जवळजवळ नक्कीच जनरेटरच्या आवाक्याबाहेरची. म्हणजे झाकलेला प्रोग्रॅम कसाही चालवला तरी त्या चिठ्ठीपाशी पोचणारच नाही. मग किल्लीला नेमक्या त्या जागी भोक पाडू: त्या एका चिठ्ठीचा मुखवटा तिला काढता येऊ नये, बाकी सगळ्यांचा यावा. प्रोग्रॅमचे वागणे रतिभरही बदलत नाही. वागणे तेच आणि लांबीही तीच, तेव्हा आयओच्या वचनाप्रमाणे भोक असलेला आणि नसलेला प्रोग्रॅम ओळखता येत नाहीत. भोक पडलेल्या किल्लीत त्या मुखवट्याचा मागमूस नाही, म्हणून शत्रूला संदेशाबद्दल काहीही कळणे शक्य नाही.

किल्ली लपवण्याचे वचन कोणी दिलेच नव्हते, तरी ती लपली. अडगळीतली सूचना सदतीस वर्षांनी अशी खरी ठरली. याच पठडीतल्या युक्त्यांनी पुढे क्रिप्टोग्राफीतल्या बहुतेक साऱ्या रचना आयओमधून काढून दाखवल्या गेल्या, आणि ते विषयाचा मध्यवर्ती खांब बनले.

खांब मात्र डळमळीत होता. मल्टिलिनिअर मॅपच्या एका प्रसिद्ध रचनेवर जंग ही चोन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हल्ला केला. २०१६ मध्ये एरिक माइल्स, अमित सहाय आणि मार्क झांड्री यांनी दुसऱ्या रचनेवर बेतलेले अनेक ऑब्फस्केटर फोडले. आपणच उभारलेल्या इमारतीला सुरुंग लावणाऱ्यांत सहाय स्वतः होते, हे या क्षेत्राच्या प्रकृतीचे चांगले लक्षण म्हणायचे. काही वर्षे डागडुजी आणि पडझड पाठोपाठ चालली.

दरम्यान दुसरी एक मंडळी वेगळ्या दिशेने चढत होती. मल्टिलिनिअर मॅपमध्ये किती संख्या एकाच वेळी गुणाव्या लागतात, ते प्रमाण खाली आणायचे. हुइजिया लिन यांनी २०१६ साली ते एका ठरावीक आकड्यावर आणले, पुढच्या वर्षी लिन आणि स्टेफानो तेस्सारो तीनपर्यंत पोचले. दोनवर आले की काम फत्ते, कारण दोन संख्या गुणणारे ‘बायलिनिअर पेअरिंग’ दोन दशकांपासून वापरात होते आणि त्यावर विश्वास होता. तीन आणि दोन यांच्यातले ते शेवटचे पाऊल फार जड गेले. मद्रास आयआयटीच्या श्वेता अग्रवाल यांनी २०१९ मध्ये मल्टिलिनिअर मॅपशिवाय आयओकडे नेणारी नवी वाट मांडली. अखेर ऑगस्ट २०२० मध्ये आयुष जैन, हुइजिया लिन आणि अमित सहाय यांनी चार गृहीतकांवर आयओ सिद्ध केले. किंचित चुका मिसळलेली समीकरणे सोडवणे अवघड आहे, अशा जातीची दोन, पेअरिंगविषयीचे एक, आणि प्रत्येक आउटपुट मोजक्याच इनपुटवर ठरणाऱ्या जनरेटरविषयीचे एक. चारही आधीपासून अभ्यासलेली, फक्त या कामासाठी बेतलेली नव्हेत. २०२२ मध्ये तिघांनी त्यांतले एक गृहीतक गाळूनही टाकले. त्याच वर्षासाठीचा एसीएमचा डॉक्टरल पुरस्कार जैन यांच्या या विषयावरच्या प्रबंधाला मिळाला.

आज या क्षेत्रात ठळक प्रवाह दिसतात ते असे. एक जैन-लिन-सहाय यांच्या वाटेचा: पाया सर्वांत भक्कम, पण पेअरिंगवर अवलंबून, आणि पीटर शोरच्या १९९४ सालच्या पद्धतीमुळे मोठ्या क्वांटम संगणकापुढे पेअरिंग टिकत नाही. दुसरा केवळ लॅटिसच्या, म्हणजे अनेक मितींतल्या जाळीबिंदूंच्या, गणितावर आयओ उभे करू पाहणारा. तो क्वांटम संगणकापुढेही टिकेल अशी आशा आहे, पण त्यासाठी मांडलेल्या नव्या गृहीतकांपैकी काहींना प्रतिउदाहरणे निघाली आहेत. तिसरा प्रवाह सगळे प्रोग्रॅम झाकण्याची हाव सोडून एकेक वर्ग पक्का करतो. आतल्या गणिताचे उत्तर एका गुप्त मूल्याशी जुळले तरच उघडणारे प्रोग्रॅम लॅटिसच्या नेहमीच्या गृहीतकावर झाकता येतात, हे २०१७ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. चौथा प्रवाह रचनेपेक्षा व्याख्यांत रमतो. शशांक अग्रवाल, श्वेता अग्रवाल आणि मनोज प्रभाकरन यांचा २०१५ चा ‘क्रिप्टोग्राफिक एजंट्स’ हा आराखडा ऑब्फस्केशन आणि झाकलेल्या माहितीवरचे गणित एकाच चौकटीत मांडतो.

व्यवहाराची बाजूही सांगितली पाहिजे. २०१४ साली एका गटाने त्या वेळच्या रचनेने अवघ्या सोळा बिटांचे पॉइंट फंक्शन झाकून पाहिले. झाकायला काही तास लागले, आणि झाकलेला प्रोग्रॅम सुमारे ३१ जीबीचा झाला. नाकापेक्षा मोती जड. त्यानंतर सिद्धांत खूप पुढे गेला, पण फोनवर चालेल असे सर्वसाधारण आयओ आजही नाही.

मग आत्ता हे मराठीत का वाचायचे? पहिले कारण असे की लपवणे आणि तपासणे यांतला ताण आता नियमांच्या पुस्तकांत उतरला आहे. सेबीपुढचा पेच पुढे कर्ज मंजूर करणाऱ्या आणि विम्याचा हप्ता ठरवणाऱ्या प्रोग्रॅमपुढेही येणार. पुरवणाऱ्याला तर्क लपवायचा असतो, गिऱ्हाइकाला आणि नियामकाला खात्री हवी असते. क्रिप्टोग्राफीत १९८५ पासून ‘झीरो-नॉलेज’ सिद्धता आहेत. आतले काही न दाखवता त्याविषयीचा दावा त्या पटवून देतात. झाकलेला प्रोग्रॅम अमुक नियम पाळतो हे तो न उघडता सिद्ध करता येणे, या दिशेने विचार करायला हा विषय शिकवतो. लपवणे म्हणजे जबाबदारीतून सुटणे, असे गणित तरी मानत नाही.

दुसरे कारण नाण्याची उलटी बाजू. जे तंत्र किल्ली लपवते, तेच दगाही लपवू शकते. गोल्डवासर, मायकल किम, विनोद वैकुंठनाथन आणि ओर झमीर यांनी २०२२ मध्ये दाखवले की मशीन लर्निंगच्या मॉडेलमध्ये चोरदार बसवता येते, आणि नुसते चालवून पाहणाऱ्याला ते सापडत नाही. बाहेरून प्रशिक्षित होऊन आलेली मॉडेल बँकांत आणि इस्पितळांत बसवली जात असताना ही इशाऱ्याची घंटा आहे. ‘आम्ही हजार वेळा चालवून तपासले’ या वाक्याची किंमत किती, हे ऑब्फस्केशनचा सिद्धांत फार नेमकेपणाने सांगतो.

या पुस्तकाची मांडणी या दोन कारणांवरून ठरली आहे. कालक्रमाने निबंधांची जंत्री देणे टाळले आहे. प्रत्येक टप्प्यावर आधी व्याख्या, मग ती फोडण्याचा प्रयत्न, आणि मगच रचना, असा क्रम ठेवला आहे. या क्षेत्राचे विचार प्रत्यक्षात त्याच क्रमाने पुढे सरकले. बारावीपर्यंतचे गणित आणि संभाव्यतेची जुजबी ओळख यांवर बहुतेक भाग वाचता येईल. मॅट्रिक्सची आणि लॅटिसची प्रकरणे थोडी चढाची आहेत. ती पहिल्या वाचनात ओलांडून पुढे गेलात तरी धागा तुटत नाही. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी सिद्धता पूर्ण दिल्या आहेत, कारण या विषयात सिद्धता वगळली की हाती फक्त अफवा उरते. बँक, शेअर बाजार किंवा सरकारी कचेरीत सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्यांसाठी प्रत्येक प्रकरणाअखेर त्यातले प्रमेय काय सांगते आणि काय सांगत नाही, याची साध्या भाषेत नोंद आहे. क्वांटम माहिती वापरून प्रोग्रॅमची नक्कलच करता येऊ नये असे करण्याचे प्रयत्न मात्र इथे घेतलेले नाहीत. तो वेगळ्या पुस्तकाचा ऐवज आहे.

हे वाचून कोणाला उद्या ऑब्फस्केटर बांधता येणार नाही. पण ‘आमचे सॉफ्टवेअर अभेद्य आहे’ असे सांगत समोर बसलेल्या विक्रेत्याला तीन प्रश्न नक्की विचारता येतील: लपते ते नेमके काय, कोणापासून लपते, आणि कोणते गृहीतक मोडले तर लपणार नाही? जगातल्या सर्वांत हुशार गणितज्ञांना या तीन प्रश्नांची एकत्र उत्तरे द्यायला २००१ पासून २०२० पर्यंतचा काळ लागला, आणि तेही अजून फोनवर चालणारे काही देऊ शकलेले नाहीत. जो दुकानदार ती उत्तरे पहिल्याच भेटीत ठणकावून देतो, त्याच्याकडून त्या गृहीतकाचे नाव कागदावर लिहून घ्यावे, आणि मगच पैशाची बोलणी करावीत.

वरळी, मुंबई